१८ मुलं, रायगड-दिवेआगर, आणि गाडी कुणी चालवायची?

मुठेकाठची
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या आठवी ते अकरावीच्या मुलांना मी गेली तीन वर्षं दर रविवारी टेकडीवर नेते. संस्था वगैरे काही नाही, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि पाण्याच्या बाटल्या, एवढाच कारभार. आता पोरांना मुक्कामी जायचंय. जानेवारीचा बेत असा: शुक्रवारी रात्री साडेदहाला पुण्याहून निघायचं, ताम्हिणीमार्गे अडीच-तीनला गडाच्या पायथ्याच्या पाचाडला पोचायचं, थोडं झोपून सकाळी रायगड चढायचा, शनिवारी रात्री दिवेआगर, रविवारी समुद्र, आणि संध्याकाळी निघून अकरापर्यंत घरी.

मुलं १८, मोठी माणसं ५, गाड्या ४. तिघे बाबा आपापल्या गाड्या आणतायत. चौथी सात सीटची गाडी एका ताईंच्या मुलाची. तो १९ वर्षांचा आहे, आमच्याच ग्रुपमधला जुना मुलगा, खूप जबाबदार. मिनीबसची चौकशी केली, तर माणशी साडेसातशे जास्त पडतात.

प्रश्न पालकांच्या परवानगीपत्राचा आहे. मी इतकंच लिहिलंय: "आम्ही आमच्या पाल्यास स्वतःच्या जबाबदारीवर पाठवत आहोत. प्रवासात काही अनुचित घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत." एवढं पुरे का? शंभराच्या स्टॅम्पपेपरवर घ्यावं का?

चिंचपाणी
रुमाल टाकून ठेवते. आमच्याही सोसायटीत हाच घोळ चालू आहे.

काळा_कोट
स्टॅम्पपेपरचे पैसे वाचवा. संमतीपत्र म्हणजे माफीनामा नव्हे. तुमच्या किंवा चालकाच्या निष्काळजीपणाने मुलाला काही झालं, तर "आयोजक जबाबदार नाहीत" या ओळीने कुणीही सुटत नाही. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं (पूर्वीचं ३०४अ), पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पालकांनी आधी सही केली होती, हा त्यावर बचाव होत नाही.

सही घ्यायचीच, पण ती पालकांना माहिती दिल्याची. कोणती गाडी, कोण चालवणार, किती वाजता कुठे, हे वाचून त्यांनी हो म्हटलं, असं त्या कागदावरून दिसलं पाहिजे. तुमच्या दोन ओळींत यातलं काहीच नाही.

दुसरं. घरच्या, म्हणजे पांढऱ्या पाटीच्या गाडीच्या विम्यात भाड्याने वाहतूक बसत नाही. बाबा फुकट नेत असतील तर ठीक. तुम्ही माणशी पैसे गोळा करून त्यातून गाडीवाल्यांना देणार असाल, तर अपघातानंतर विमा कंपनी तेच बोट धरून बसते. डिझेलची वर्गणी की भाडं, हा वाद हॉस्पिटलच्या बाकावर बसून घालायची पाळी येऊ नये.

शंकासूर
झालं, आले वकील! अहो, आम्ही जत्रेला ट्रकच्या हौद्यातून गेलोय. पन्नास पोरं, वर ताडपत्रीसुद्धा नाही. काही झालं नाही. आता टेकडीवर न्यायचं म्हटलं तरी पाच पानी फॉर्म. अशाने पोरं घरात मोबाइल घेऊनच बसणार.

चिंचपाणी
काका, तो ट्रक घाटात ताशी वीसने चढायचा आणि समोरून तासाला चार गाड्या यायच्या. शनिवारी सकाळी ताम्हिणीत एकदा उभे राहून बघा.

ताशावाली
मी पुण्यातल्या एका ढोलपथकात आहे म्हणून लिहिते. १५ एप्रिल २०२३. गोरेगावचं पथक पिंपळे गुरवला वाजवून रात्री मुंबईला परत निघालं होतं. जुन्या हायवेला, बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाजवळ, पहाटे त्यांची बस दरीत गेली. १३ जण गेले. आमच्याच वयाचे, काही तर शाळकरी. आदल्या संध्याकाळी त्यांचे व्हिडिओ आमच्या ग्रुपवर फिरत होते, आणि सकाळी तोच ग्रुप उघडवत नव्हता.

तोपर्यंत आम्हीही तेच करायचो. सुपारी संपली, जेवलो, बाराला बसमध्ये. हॉलचं भाडं वाचतं, दुसऱ्या दिवशी कॉलेज असतं, कारणं खरीच असतात. आता आमच्या पथकात नियम आहे: कार्यक्रम रात्री संपला की तिथेच सतरंज्या टाकायच्या, निघायचं उजाडल्यावर. मुठेकाठची ताई, तुमच्या बेतात शुक्रवारची रात्र आणि रविवारची रात्र, दोन्ही घाटात आहेत. मला पत्रापेक्षा त्याचीच भीती वाटली.

डेपोतले_अण्णा
नमस्कार. एसटीत ३१ वर्षं चालक होतो, आता नातवंडं सांभाळतो. वरच्या मुलीचं म्हणणं सोळा आणे खरं. शिंगरोबाला आम्ही सगळे नाणं टाकून जायचो, पण नाणं टाकल्याने झोप येत नाही असं नाही.

पहाटे तीन ते पाच ही वेळ वाईट. तुम्ही म्हणाल, आमचा ड्रायव्हर दुपारी झोपून येणार. बाई, तो झोपून येत नसतो. हे जे तिघे बाबा आहेत, ते शुक्रवारी दिवसभर ऑफिस करून, घरी येऊन, पोराची बॅग भरून साडेदहाला स्टिअरिंग धरणार. म्हणजे सकाळी सातपासून जागा असलेला माणूस रात्री एक वाजता ताम्हिणीत. आमच्या खात्यात असल्या माणसाला ड्युटी दिली असती तर युनियनने डेपो बंद पाडला असता. मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा होता (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली), दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. तो पगारी ड्रायव्हरला. घरच्या गाडीवाल्याला कोण विचारतं?

आता खाजगी बस केली तरी सुटका नाही. सहलीच्या ड्रायव्हरचं काय होतं सांगतो. पोरं गडावर जातात तेव्हा तो उन्हात तापलेल्या बसमध्ये पडून राहतो. त्याला झोप म्हणत नाहीत. संध्याकाळी मुक्कामाला मालक म्हणतो, "ड्रायव्हरची सोय गाडीतच." पंख्याशिवाय, डासांत, सीटवर पाय दुमडून. आणि सकाळी सहाला ज्याच्या हातात तुमची अठरा पोरं, तो माणूस दोन रात्री झोपलेला नसतो. त्याच्या जेवणाचं विचारतात, चहाचं विचारतात, झोपायचं कुणी विचारत नाही. तुम्ही खोल्या बुक करताना एक खोली ड्रायव्हरची धरा. साडेसातशेत अजून पन्नास वाढतील माणशी.

मुठेकाठची
अण्णा, खरं सांगते, ड्रायव्हरच्या झोपेचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी फर्स्ट एड बॉक्सच्या याद्या करत बसले होते.

एल_बोर्ड
मीच तो १९ वर्षांचा. काकूंनी लिंक पाठवली म्हणून वाचतोय.

मी रॅश चालवत नाही. लायसन्सला १४ महिने झाले, सिंहगड दहा-बारा वेळा केलाय, एकदा महाबळेश्वर. प्रत्येक वेळी "तरुण मुलगा" म्हटलं की सगळे असे बोलतात जणू आम्ही दारू पिऊनच बसतो. ते तिघे काका फोनवर बोलत चालवतात, ते चालतं.

डेपोतले_अण्णा
बाळा, राग मानू नकोस. एकच विचारतो. रात्री घाटात, मागे सहा पोरं गाणी म्हणताना, पुढची गाडी चुकू नये म्हणून तिच्या मागे धावताना, किती वेळा चालवली आहेस?

एल_बोर्ड
शून्य.

आणि खरं सांगायचं तर काकूंनी विचारलं तेव्हा मी हो म्हणालो, कारण नाही म्हणायची लाज वाटली.

चिंचपाणी
हे लिहायला धैर्य लागतं रे. आणि काकांच्या फोनचं तू बरोबर बोललास, ते विसरू नका कुणी.

काळा_कोट
+१. कायद्याने १८ पूर्ण आणि पक्कं लायसन्स असलं की खाजगी गाडी चालवता येते, त्यामुळे त्याची चूक काहीच नाही. मात्र गाडी भाड्याची म्हणून धरली गेली तर वयाची अट २० होते. आणि अकरावीतला एखादा "थोडी चालवून बघतो" म्हणाला आणि कुणी किल्ली दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दिवेआगरच्या वाळूवर हे हमखास होतं, म्हणून लिहिलं.

घाटमाथा
चार गाड्यांचा ताफा हा प्रकारच मला पटत नाही. पुढचा वेगात गेला की मागचे ओढले जातात. एखादा वाट चुकला की बाकीचे वळणावर थांबून फोन लावतात, आणि ताम्हिणीत बऱ्याच ठिकाणी रेंजच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ह्याच घाटात पुण्याची सहा तरुण मुलं गाडीसकट दरीत गेली. घरच्यांचा संपर्क तुटला आणि शेवटी पोलिसांनी ड्रोन उडवून गाडी शोधली. रात्री निघाली होती. "पोचल्यावर फोन करतो" यावर घरचे किती वेळ थांबणार?

तेव्हा पत्रात फक्त "रविवारी रात्री परत" लिहू नका. घाटात शिरताना आणि बाहेर पडताना, म्हणजे मुळशीला आणि निजामपूरला, पुण्यात बसलेल्या एका माणसाला मेसेज. अमुक वाजेपर्यंत दुसरा मेसेज नाही आला तर त्याने ११२ ला फोन करायचा, हे आधीच ठरलेलं. तो माणूस सहलीला आलेला नसावा आणि त्याने त्या दिवशी सिनेमाला जाऊ नये.

न्यू_जर्सीकर
इकडचं सांगतो, तुलना म्हणून नव्हे. माझा मुलगा स्काउटमध्ये आहे. त्यांच्या नियमावलीत एका चालकाने २४ तासांत जास्तीत जास्त १० तास चालवायचं, प्रत्येकाला स्वतंत्र सीट आणि पट्टा, आणि २१ वर्षांवरची किमान दोन मोठी माणसं कायम बरोबर. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल कधीच नाही. मला आधी हे अती वाटायचं.

शंकासूर
तिकडे रस्ते तसे आहेत. इकडे दहा तासांत माणूस लोणावळ्यातून बाहेर पडला तरी पुष्कळ.

असो. पट्ट्याचं मात्र मी मानतो. मागच्या सीटवर पट्टा लावायला सांगितलं की आमच्याकडे सगळे हसतात. सप्टेंबर २०२२ मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, तेव्हा ते मागेच बसले होते, पट्ट्याविना. एवढ्या महागड्या गाडीत. त्यानंतर आठवडाभर सगळ्यांनी लावले, मग पुन्हा सीटच्या खाली खोचले.

घाटमाथा
शंकासूर आणि नियमाच्या बाजूने! धागा जपून ठेवा.

चिंचपाणी
एक प्रश्न. माझ्या भाचीचे बाबा आखातात, आई नाइट ड्युटीला. आजोबांनी सही केली तर चालेल का?

काळा_कोट
आजोबांची घ्या, पण आई किंवा वडिलांकडून मेसेज येऊ द्या की पत्र वाचलं, परवानगी आहे. आणि आईवडील वेगळे राहत असतील तर मूल ज्याच्याकडे आहे त्याची सही, आणि रविवारी कुणाच्या ताब्यात द्यायचं ते नावानिशी. हा मुद्दा लोक संकोचाने टाळतात, मग बस आल्यावर फाटकाशी तमाशा होतो.

डेपोतले_अण्णा
बाई, बस करणार असाल तर काही गोष्टी लिहून ठेवा. एसटी प्रासंगिक करारावर मिळते, आगारात अर्ज आणि अनामत भरायची. शाळांना सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत आहे. तुम्ही शाळा नाही, तुम्हाला पूर्ण भाडं पडेल. पण एसटीचा ड्रायव्हर मुक्कामाला झोपायला जागा मागतो आणि तुम्हाला ती द्यावीच लागते, हा फायदा समजा.

खाजगी केली तर गाडीचा नंबर आधी मागा. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की फिटनेस, विमा कधीपर्यंत, सगळं दिसतं. पाटी पिवळी पाहिजे. ऐनवेळी मालक दुसरीच गाडी पाठवतो. "ती कामाला गेली साहेब, ही तिच्यापेक्षा भारी." तेव्हा नंबर परत टाकून बघायचा, लाजायचं नाही.

निघण्याआधी मागचं आपत्कालीन दार उघडून दाखव म्हणा. दहातल्या निम्म्या गाड्यांत तिथं बॅगा रचलेल्या असतात. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली, २५ माणसं गेली. बस दाराच्या बाजूवरच पडली होती, मग बाहेर पडायचं कुठून? काच फोडायची हातोडी आहे का बघा, आणि ती कुठे आहे ते पोरांना दाखवा. पोरं असल्या गोष्टी मोठ्यांपेक्षा लक्षात ठेवतात.

घाटाचं एकच सांगतो. ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे महाभाग आहेत. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात, आणि ऐन वळणावर पायाखाली पेडल मऊ लागतं. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याला एवढं कळलं पाहिजे की इंजिनचा आवाज एकदम बंद झाला तर विचारावं, "दादा, न्यूट्रल केली का?" गोड शब्दांत. त्याचा अपमान करून त्याच्याच गाडीत बसू नये.

मुठेकाठची
मंडळी, चार दिवस घरात हाच विषय चाललाय. बेत बदलला.

दिवेआगर रद्द. पोरं रुसली आहेत, पण हिशेब मांडला तर तीन दिवसांतले जवळजवळ बारा तास आम्ही गाडीतच असणार होतो. आणि समुद्राचं म्हणाल, तर १ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या कॉलेजची १४ मुलं बुडाली, ते मी विसरलेली नाही. पाच मोठ्या माणसांनी १८ मुलांना लाटांत सांभाळायचं, हे मला जमणार नाही. आता शनिवारी सकाळी सहाला निघायचं, दुपारी पाचाड, जिजाऊंची समाधी आणि वाडा, मुक्काम. रविवारी पहाटे गड, अकराला खाली, जेवून एकला निघायचं, उजेडात घरी. मिनीबस. ड्रायव्हरला खोली.

नवीन पत्र असं केलंय, चुका काढा:

"सहलीची बस क्रमांक ____, चालक ____, परवाना पाहिला आहे. शनिवार सकाळी ६ ते रविवार सायंकाळी ६. सूर्यास्तानंतर घाटातून प्रवास केला जाणार नाही. उशीर झाल्यास मुक्काम वाढेल आणि कळवले जाईल. पाल्यास ठरलेल्या बसखेरीज कोणत्याही मोटारीतून वा दुचाकीवरून नेले जाणार नाही. वैद्यकीय गरज आली तर अपवाद. पाल्याला असलेला आजार, अ‍ॅलर्जी, चालू औषधे: ____. गाडी लागते का: ____. रक्तगट: ____. तातडीच्या उपचारांना संमती आहे / नाही. परत आल्यावर पाल्यास नेण्यास येणारी व्यक्ती: ____. पुण्यातील संपर्क व्यक्ती: ____."

"आयोजक जबाबदार राहणार नाहीत" काढून टाकलं.

काळा_कोट
उत्तम. "आहे / नाही" मध्ये लोक काहीच खोडत नाहीत, तेवढं बघून घ्या. आणि पत्रांची फाइल बसमध्ये, तिचे फोटो पुण्यातल्या माणसाकडे.

चिंचपाणी
गाडी लागते का हा रकाना बघून डोळे पाणावले. आमच्या वेळी तो असता तर माझी मैत्रीण आजही माझ्याशी बोलत असती.

ताशावाली
मुक्काम वाढेल ही ओळ फार महत्त्वाची आहे ताई. ती आधी लिहिलेली नसली की रात्री आठला सगळे पालक फोन करून "उद्या शाळा आहे, निघाच" म्हणतात.

मुठेकाठची
(जानेवारी, शेवटचा आठवडा)

आलो सुखरूप. वृत्तांत वेगळा लिहीन, इथे फक्त गाडीचं.

अण्णा म्हणाले तसंच झालं, पावणेसहाला वेगळीच बस दारात. तिथेच नंबर टाकून पाहिला, फिटनेस आणि विमा दोन्ही चालू होते. पालकांना नवा नंबर पाठवला, त्यांच्या "हो" येईपर्यंत थांबलो. यात पंचवीस मिनिटं गेली. एक बाबा वैतागून म्हणाले, "तुम्ही काय चंद्रावर निघालात का?" मागचं दार उघडायला सांगितलं, तर ते आतून तारेने बांधलेलं. खडखडतं म्हणून. ड्रायव्हरदादांनी पक्कड आणून तार कापली आणि कडीला रबराचा तुकडा लावला. आवाज गेला, दारही उघडायला लागलं.

पाचाडला ड्रायव्हरची खोली मागितली तेव्हा घरमालकांना वाटलं आमच्यातले कुणी भांडले आहेत. दादा नऊला झोपले. साडेबाराला उठून उशी घेऊन बसमध्ये गेले, कारण त्यांची खोली आमच्या पोरांच्या खोलीला लागून होती आणि आत अंताक्षरी चालू होती. सकाळी हे कळलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग आम्ही गड चढलो तेव्हा त्यांना ती खोली दिली, पोरांच्या बॅगा बाहेर काढून. साडेपाच ते साडेदहा गाढ झोपले म्हणाले. पुढच्या वेळी खोली दुसऱ्या घरात.

परतीला माणगावला जेवण लांबलं, निघायला पावणेदोन झाले. निजामपूरचा मेसेज गेला, मुळशीचा गेला. साडेपाचला पुण्यात.

डेपोतले_अण्णा
पाच तास झोपला, बास. ड्रायव्हरशेजारी कोण बसलं होतं?

एल_बोर्ड
मी. जाताना पूर्ण घाट जागा होतो, दादांशी गप्पा मारल्या, गिअर कधी बदलतात ते बघितलं.

येताना निजामपूरपर्यंत जागा होतो. पुढचं आठवत नाही.

मुठेकाठची
तोंड उघडं टाकून झोपला होता. फोटो आहे.